इल्कलीच्या तळघरातील नादवेडा

१ नोव्हेंबर १९५४. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी तीनच वर्षांपूर्वी उभे राहिलेले रॉयल फेस्टिव्हल हॉल हे भव्य सभागृह श्रोत्यांनी भरून गेले होते. सुमारे तीन हजार आसनांच्या या सभागृहात लोक तिकीट काढून आले होते. परंतु ते कोणा विख्यात वादकाच्या ओढीने आलेले नव्हते. रंगमंचावर लाकडाची काही मोठी खोकी मांडलेली होती आणि त्यांच्याशेजारी यॉर्कशायरी वळणाचे इंग्रजी बोलणारा, चौसष्टीकडे झुकलेला एक गृहस्थ उभा होता. खोक्यांमध्ये त्याच्या कारखान्यात तयार झालेले स्पीकर होते. ध्वनिमुद्रित संगीत एवढ्या मोठ्या सभागृहात ऐकवून ते प्रत्यक्ष वादनाच्या किती जवळ जाते, हे श्रोत्यांनीच ठरवावे, असा त्याचा बेत होता. फजिती झाली असती तर ती हजारो लोकांसमोर झाली असती आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतही उमटली असती.

गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज हे या गृहस्थाचे नाव. 'व्हार्फडेल' या स्पीकरच्या नाममुद्रेचे ते संस्थापक. ध्वनिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतलेले नव्हते. आयुष्याची पहिली चाळीस वर्षे उलटून जाईपर्यंत स्पीकरच्या धंद्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही घरच्या घरी, थोड्या खर्चात, स्वतःच्या हाताने उत्तम स्पीकर बनवता येतो हा विश्वास ब्रिटनमधील सामान्य संगीतप्रेमी माणसाला ज्यांनी दिला, त्यांत ब्रिग्ज यांचे नाव फार वरचे आहे.

ब्रिग्ज यांचा जन्म २९ डिसेंबर १८९० रोजी यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळच्या क्लेटन या गावी झाला. त्या काळी ब्रॅडफर्ड ही जगाच्या लोकरी कापडाची राजधानी समजली जाई. गिरण्यांची धुराडी, लोकरीचे गठ्ठे आणि कापडाच्या पेढ्या हेच शहराचे जीवन होते. मात्र हे शहर केवळ कापडाचे नव्हते. संगीतकार फ्रेडरिक डेलियस यांचा जन्म इथलाच आणि लेखक जे. बी. प्रीस्टली हेही इथलेच. यॉर्कशायरमधील गावोगावच्या गायनवृंदांची परंपरा मोठी होती आणि दिवसभर गिरणीत राबणारी माणसे संध्याकाळी चर्चच्या किंवा संस्थेच्या वृंदात गायला उभी राहत. ब्रिग्ज तरुणपणीच कापडाच्या व्यापारात शिरले आणि दीर्घकाळ त्याच व्यवसायात राहिले. संगीताची ओढ मात्र त्यांच्या मनात पक्की रुजली होती. त्यातही त्यांचे खरे प्रेम पियानोवर होते.

हे पियानोप्रेम ध्यानात घेतल्याशिवाय पुढची कथा नीट कळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या आणि ध्वनिपुनरुत्पादनाच्या क्षेत्रात पियानो हे सर्वांत खट्याळ वाद्य मानले जाते. हातोडीचा तारेवर पडणारा आघात क्षणार्धाचा असतो, त्यानंतर सूर हळूहळू विरत जातो आणि खर्जापासून अतितार पट्ट्यांपर्यंतचा त्याचा पल्ला बहुतेक सर्व वाद्यांना मागे टाकतो. स्पीकरच्या कागदी शंकूला किंवा त्याच्या खोक्याला स्वतःची अशी एखादी खोड असेल, तर व्हायोलिन ती एखादवेळी झाकून नेईल; पियानो ती लगेच उघडी पाडतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील रेडिओवर पियानो ऐकणे म्हणजे ज्याच्या कानात खऱ्या पियानोचा नाद बसलेला आहे, त्याला शिक्षाच होती.

शंकू, चुंबक आणि तारेचे वेटोळे यांवर चालणारा स्पीकर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या संशोधकांनी १९२५ मध्ये जगापुढे मांडला होता. आजही घरोघरी दिसणारे बहुसंख्य स्पीकर याच तत्त्वावर चालतात. त्याची रचना वरवर पाहता अगदी साधी आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे हलके वेटोळे लोंबत असते. त्यातून ध्वनीच्या लहरींनुसार बदलणारा विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवेला ढकलतो. एवढे साधे यंत्र असल्यामुळे ते कोणालाही बनवून पाहावेसे वाटते. चांगले बनवणे किती कठीण आहे, हे बनवायला घेतल्यावरच कळते.

१९३० नंतरच्या मंदीने ब्रॅडफर्डच्या कापडव्यवसायाला जबर तडाखा दिला. ब्रिग्ज तेव्हा चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते; ब्रॅडफर्डपासून काही मैलांवर व्हार्फ नदीच्या खोऱ्यात इल्कली या गावी त्यांचे घर होते. त्या घराच्या तळघरात १९३२ मध्ये त्यांनी आपला पहिला स्पीकर बनवला. इंग्रजीत या भागात नदीच्या खोऱ्याला 'डेल' म्हणतात. व्हार्फ नदीचे खोरे म्हणून व्हार्फडेल. आपल्या नव्या उद्योगाला त्यांनी तेच नाव दिले. पुढे जगभर पोहोचलेल्या या नावामागे व्यापारी डोक्याने काढलेली कोणतीही युक्ती नाही, आहे तो केवळ घराचा पत्ता.

या वयात जुना धंदा सोडून नवा मांडणे हे आजही धाडसाचे समजले जाते. बेकारीने पोळलेल्या त्या वर्षांत तर ते अविचाराचेच वाटले असेल. पत्नी डोरिस यांची साथ हे ब्रिग्ज यांचे मोठे भांडवल होते. १९३३ मध्ये ब्रॅडफर्ड परिसरात छोटासा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत व्हार्फडेलच्या स्पीकरांनी पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकावले. प्रस्थापित कंपन्यांच्या मालापुढे तळघरातून आलेला माल उजवा ठरला, ही बातमी हौशी मंडळींत पसरायला वेळ लागला नाही. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास कारखान्यातून वर्षाला सुमारे नऊ हजार स्पीकर बाहेर पडत होते. युद्धानंतर कारखान्याचा पत्ता होता ब्रॅडफर्डजवळील 'आयडल' हे गाव. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आळशी किंवा रिकामटेकडा. अहोरात्र खपणाऱ्या माणसाच्या कारखान्याला असा पत्ता मिळावा, हा योग विनोदाची जात्याच आवड असलेल्या ब्रिग्ज यांना मानवणाराच होता.

कापडाच्या व्यापारात घालवलेली वर्षे अगदीच वाया गेली नाहीत, असे म्हणायला जागा आहे. स्पीकरचा शंकू त्याच्या धातूच्या चौकटीला ज्या कडेने जोडलेला असतो, ती कड फार महत्त्वाची. ती ताठ असेल तर शंकूला मोकळेपणाने हलता येत नाही, खर्ज कोंडला जातो आणि कडेवरून परतणाऱ्या कंपनांमुळे मधल्या पट्टीत आवाज कर्कश होतो. व्हार्फडेलच्या अनेक स्पीकरांना ही कड कापडाची असे. 'सुपर ८'सारख्या त्यांच्या प्रसिद्ध स्पीकरांच्या नावापुढे येणारी इंग्रजी अक्षरे या कापडी कडेचीच खूण होती. कापडाचा पोत, त्याची लवचिकता आणि त्याचे वजन हाताने ओळखणाऱ्या माणसाला हा उपाय जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ध्वनीच्या क्षेत्रात वेगाने बदल होत होते. डेक्का कंपनीने युद्धकाळातील पाणबुडीशोधाच्या कामातून विकसित केलेले, अधिक विस्तृत कंपनसंख्या टिपणारे ध्वनिमुद्रण बाजारात आणले. १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांच्या अॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जोडायला घेतला. १९५० मध्ये डेक्कानेच ब्रिटनमध्ये दीर्घ वाजणाऱ्या तबकड्या आणल्या. १९५५ मध्ये बीबीसीचे एफएम प्रक्षेपण सुरू झाले. तबकडी सुधारली, अॅम्प्लिफायर सुधारला, प्रक्षेपणही सुधारले. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी आता एकच उरली होती, ती म्हणजे स्पीकर.

त्यावर महागडे उत्तर उपलब्ध होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला मुद्रित होत असलेल्या आवाजातील दोष ऐकून ओळखता यावेत म्हणून स्टुडिओत जे स्पीकर वापरले जातात त्यांना मॉनिटर म्हणतात. टॅनॉय कंपनीचा १९४७ मधील प्रसिद्ध स्पीकर, ज्यात खर्जाचा आणि तार स्वरांचा भाग एकाच केंद्राभोवती बसवलेला होता, तो अशा कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. बीबीसीचा संशोधन विभागही आपल्या स्टुडिओंसाठी मॉनिटर निवडण्याच्या आणि घडवण्याच्या कामात गुंतलेला होता. असे स्पीकर थोड्या संख्येने बनत, त्यांतील प्रत्येक जोडी एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागे, त्यामुळे त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या असत. युद्धानंतरच्या टंचाईत, लोणी आणि साखरही शिधापत्रिकेवर मिळत असलेल्या देशात, शिक्षकाने किंवा कारकुनाने असे यंत्र विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

ब्रिग्ज यांचे मोठेपण या ठिकाणी दिसते आणि व्यापारातील चातुर्यही. स्पीकरची किंमत नेमकी कशात आहे, याचा हिशेब त्यांना ठाऊक होता. शंकू, चुंबक आणि वेटोळे यांचा गोल भाग कारखान्यातच बनायला हवा. तिथे मिलिमीटरच्या काही शतांश भागाचीही चूक चालत नाही. परंतु तो भाग ज्या खोक्यात बसवायचा ते खोके म्हणजे अखेर सुतारकाम. बाजारातील तयार स्पीकरच्या किमतीत या खोक्याचा, त्याच्या लाकडाचा, पॉलिशचा आणि वाहतुकीचा वाटा फार मोठा असतो. तेव्हा गोल भाग आमच्याकडून घ्या आणि खोके घरी बनवा, असा हा सरळ व्यवहार होता. त्यात ग्राहकाचे पैसे वाचत आणि व्हार्फडेलचा माल खपे. याला केवळ परोपकार म्हणता येणार नाही, पण ग्राहकाला फसवणाराही हा व्यवहार नव्हता.

अडचण एवढीच होती की खोके म्हणजे नुसते सुतारकाम नव्हे, हे लोकांना समजावून सांगावे लागणार होते. त्यासाठी ब्रिग्ज यांनी लेखणी हाती घेतली. १९४८ मध्ये त्यांचे 'लाउडस्पीकर्स' हे छोटेखानी पुस्तक निघाले. स्पीकर असाच का आणि तो चांगला कसा करावा, या दोन प्रश्नांभोवती ते बेतलेले होते. प्रकाशन कंपनीचेच होते. पुस्तक इतके खपले की पुढच्या दहा वर्षांत त्याची पाचवी आवृत्ती निघाली. त्यापाठोपाठ 'साउंड रिप्रॉडक्शन', पियानोवरील एक स्वतंत्र पुस्तक, एच. एच. गार्नर यांच्यासह लिहिलेले अॅम्प्लिफायरवरील पुस्तक, स्टीरिओवरील पुस्तिका, १९६१ मध्ये ध्वनिक्षेत्रातील मंडळींच्या चरित्रांचा संग्रह आणि १९६२ मध्ये खोक्यांच्या बांधणीला वाहिलेले 'कॅबिनेट हँडबुक' अशी ग्रंथांची रांगच लागली. कारखानदाराने लिहिलेली पुस्तके बहुधा जाहिरातीचीच दुसरी बाजू असतात. ब्रिग्ज यांच्या पुस्तकांत ऑसिलोस्कोपवर टिपलेल्या लहरींची छायाचित्रे आहेत, फसलेल्या प्रयोगांचीही नोंद आहे, स्पर्धक कंपन्यांचे उल्लेख आहेत आणि मधूनच मिश्किल विनोदही आहेत. गणिताला घाबरणाऱ्या वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेणारी ही शैली होती. इंग्रजीतील तांत्रिक लेखनात ती आजही विरळाच आहे.

खोक्याचे शास्त्र ब्रिग्ज कसे मांडत, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे पुढून एक लहर निघते आणि मागून तिच्या नेमकी उलट. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर मागची लहर कडेने वळून पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. तार स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. खर्ज मात्र नाहीसा होतो. सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्ज स्वराच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. तिला अडवायचे तर पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारी भिंतच हवी. काही हौशी मंडळी खरोखरच दोन खोल्यांमधील भिंतीला किंवा कपाटाच्या दाराला भोक पाडून त्यात स्पीकर बसवत. घरातील अन्य माणसांचे त्यावर काय म्हणणे असे, हे सांगायला नको.

भिंत नको असेल तर बंद खोके किंवा मोठी सपाट फळी हे पर्याय उरतात. तिथे दुसरी अडचण उभी राहते. फळी स्वतःच थरथरू लागते. स्पीकरचा शंकू जेवढा असतो त्याच्या कितीतरी पट फळीचे क्षेत्रफळ असते; त्यामुळे तिची थोडीशी थरथरही मूळ आवाजात मिसळून जाते आणि प्रत्येक सुराला लाकडी खोक्याचा वास लागल्यासारखा होतो. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो आणि खणखणीत वाजला तर खूश होतो. स्पीकरच्या खोक्याची परीक्षा याच्या नेमकी उलट असते. बोटाच्या पेराने ठोकल्यावर ज्याचा आवाज दगडासारखा मुका येईल, ते खोके चांगले.

दगडासारखे हवे तर दगडाचेच का करू नये? ब्रिग्ज यांनी ही कल्पना गंमत म्हणून सोडून दिली नाही. खोलीच्या कोपऱ्यात विटांचे बांधकाम करून त्याचा स्पीकर त्यांनी बनवला आणि हौशी मंडळींना तसा आराखडाही दिला. खोलीच्या दोन भिंती आयत्याच मिळत, म्हणून विटाही कमी लागत. विटांचा हा स्पीकर ऐकायला उत्तम, मात्र घर बदलताना तो तिथेच सोडून जावा लागे. त्यावर त्यांनी लोकप्रिय केलेला तोडगा होता वाळूचा. प्लायवूडच्या दोन पातळ फळ्या थोडे अंतर ठेवून जोडायच्या आणि मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरायची. फळी थरथरू पाहते तेव्हा वाळूचे असंख्य कण एकमेकांवर घासतात आणि कंपनाची शक्ती उष्णतेच्या रूपाने तिथेच विरून जाते. महागडे जाड लाकूड नको की विशेष हत्यारे नकोत. सुताराचे जुजबी कौशल्य आणि चार पोती वाहून आणण्याची तयारी एवढेच पुरे.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात याच तत्त्वावर व्हार्फडेलने 'एसएफबी ३' हा स्पीकर बाजारात आणला. याला खोके नव्हतेच. वाळू भरलेल्या एका उभ्या, सपाट पटलावर १२ इंची आणि १० इंची असे दोन स्पीकर बसवलेले होते आणि तार स्वरांसाठीचा तीन इंची स्पीकर तोंड वर करून ठेवलेला होता, जेणेकरून त्याचा आवाज श्रोत्याच्या कानात थेट न घुसता खोलीत पसरावा. पाठ उघडी असल्याने आवाज पुढे आणि मागे दोन्हीकडे जाई. बंद खोक्याचा कोंदट घुमारा त्यात नव्हता. खर्ज अगदी खालपर्यंत पोहोचत नसला तरी जो होता तो स्वच्छ होता. त्याची रचना इतकी उघड होती की आजही जुन्या ध्वनियंत्रांचे शौकीन ती पाहून घरी तसे पटल बनवतात.

याच सुमारास ब्रिग्ज यांचे स्नेही आणि क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांनीही एक सपाट स्पीकर बनवला होता. तो १९५७ मध्ये विक्रीस आला. त्यात शंकूही नव्हता आणि चुंबकही नव्हता. सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध ताणलेला अत्यंत पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा हजारो व्होल्टच्या विद्युतभाराने हलत असे. मानवी आवाजाची आणि व्हायोलिनची जी स्पष्टता या यंत्राने दिली, तिचा दाखला जाणकार आजही देतात. मात्र ते घरी बनवण्याची वस्तू नव्हती. पापुद्रा ताणणे, उच्च दाबाची वीज सांभाळणे आणि धूळ व दमटपणा दूर ठेवणे हे कारखान्याचेच काम. एकाच काळात, एकाच वर्तुळातील दोन मित्रांनी काढलेले हे दोन सपाट स्पीकर. एकासाठी प्रयोगशाळेची शिस्त लागे, तर दुसऱ्याचे अर्धे काम घरामागच्या पडवीत होण्याजोगे होते. दोघांचाही आवाज पुढे आणि मागे पसरत असे आणि दोघांनीही खोक्याला रजा दिली होती.

या मैत्रीची कसोटी आधीच, म्हणजे १९५४ मध्ये, रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लागली होती. त्या प्रयोगात स्पीकर ब्रिग्ज यांचे आणि अॅम्प्लिफायर वॉकर यांचे होते. वॉकर यांच्या 'क्वाड २' या अॅम्प्लिफायरची शक्ती अवघी १५ वॉट. मिरवणुकांतील भिंतीएवढ्या साउंड सिस्टिमची सवय झालेल्या आजच्या वाचकाला हा आकडा छपाईची चूक वाटेल. परंतु ब्रिग्ज यांच्या स्पीकरांची चुंबके मोठी होती आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज देणे हा त्यांचा गुण होता. शिवाय सभागृह दणाणून सोडणे हा हेतूच नव्हता. खरे वाद्य जेवढे वाजते तेवढेच स्पीकरने वाजावे, एवढी अपेक्षा होती, आणि ती पुरी करणे दणदणाटापेक्षा अवघड होते.

त्यात एक पेच होता. दिवाणखान्यात वाजवण्यासाठी केलेल्या मुद्रणात मूळ सभागृहाचा घुमारा मिसळलेला असतो. तेच मुद्रण दुसऱ्या मोठ्या सभागृहात लावले तर त्यावर या सभागृहाचा घुमारा चढतो आणि सूर एकमेकांत कालवले जातात. फेस्टिव्हल हॉल हे तुलनेने कोरड्या नादाचे सभागृह, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. तिथला नवा ऑर्गनही त्याच वर्षी सुरू झाला होता. ब्रिग्ज यांच्या या प्रयोगमालिकेत ऑर्गन आणि पियानो यांचे प्रत्यक्ष वादन आणि त्याच वादनाचे मुद्रण पाठोपाठ ऐकवले जाई. श्रोत्यांनी कान टवकारून फरक शोधायचा. व्यासपीठावरून ब्रिग्ज विनोदाची पखरण करीत निवेदन करीत. तांत्रिक बाजू वॉकर सांभाळत. स्टीरिओ अजून घरोघरी पोहोचायचा होता, त्यामुळे हा सारा आवाज एकाच वाहिनीचा होता.

प्रयोगाला मिळालेला प्रतिसाद इतका मोठा होता की पुढील वर्षी तो फेस्टिव्हल हॉलमध्ये पुन्हा झाला आणि ९ ऑक्टोबर १९५५ रोजी तो थेट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोहोचला. खुद्द कार्नेगी हॉलमध्ये, अमेरिकी कंपन्यांच्या दारात, यॉर्कशायरच्या छोट्या कारखान्याने स्पीकर मांडावेत याचे अप्रूप त्या वेळच्या ब्रिटिश हौशी मंडळींना फार होते. दर वेळी मुद्रण प्रत्यक्ष वादनाशी हुबेहूब जुळले असे मात्र नाही. काही तुकडे अतिशय जवळ जात, काही ओळखू येत. व्यापारी प्रयोगात अपयशाला एवढी जागा ठेवण्याची हिंमत फार थोडे कारखानदार दाखवतात.

कंपनी वाढत होती. बीबीसीतून आलेले रेमंड कुक हे तंत्रज्ञ व्हार्फडेलची तांत्रिक बाजू पाहू लागले आणि ब्रिग्ज यांच्या पुस्तकांच्या कामातही त्यांचा हातभार लागला. १९५८ मध्ये ब्रिग्ज यांनी कंपनी रँक ऑर्गनायझेशन या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. वय सदुसष्ट झाले होते. मोठ्या भांडवलाबरोबर मोठ्या उत्पादनाची गणिते आली. कुक यांनी १९६१ मध्ये बाहेर पडून केंट परगण्यातील मेडस्टन येथे केईएफ ही स्वतःची कंपनी काढली. गमतीची गोष्ट अशी की बीबीसीच्या स्टुडिओंमधील मॉनिटरांच्या इतिहासात या केईएफचे नाव ठळकपणे येते. घरगुती बांधणीचे धडे देणाऱ्या कारखान्यात घडलेला माणूस स्टुडिओच्या महागड्या यंत्रांकडे वळला आणि तिथेही यशस्वी झाला.

ब्रिग्ज १९६५ मध्ये निवृत्त झाले. त्याच दशकात व्हार्फडेलचे लिंटन आणि डेंटन हे आटोपशीर, पुस्तकाच्या फळीवर मावणारे स्पीकर खपू लागले. दोन्ही नावे व्हार्फ खोऱ्यातील गावांची. तयार स्पीकर आता मध्यमवर्गीयाला परवडू लागला होता आणि रविवारी वाळू चाळत बसण्याची गरज कमी होत चालली होती. ब्रिग्ज यांचे लिखाण मात्र थांबले नाही. १९६७ मध्ये त्यांनी श्रवणशक्तीवर पुस्तक लिहिले. वयाबरोबर माणसाच्या कानाला तार स्वर हळूहळू ऐकू येईनासे होतात. आयुष्यभर ज्याने कानाच्या भरवशावर धंदा केला, त्या शहात्तर वर्षांच्या माणसाने याच विषयाकडे वळावे, यात एक प्रकारचा करारी प्रामाणिकपणा आहे. जानेवारी १९७८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कंपनीची नंतरची कहाणी एका चमत्कारिक वळणाची आहे. रँककडून निघून व्हार्फडेल पुढे व्हेरिटी समूहाकडे गेली. ब्रिटनच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना विमानांसाठीच्या हलक्या, ताठ पटलांचा अभ्यास करताना असे आढळले होते की ही पटले आवाज अडवण्याऐवजी स्वतःच उत्तम आवाज करतात. व्हेरिटीने हा शोध हाती घेतला आणि १९९६ मध्ये 'एनएक्सटी' या नावाने सपाट स्पीकरचे तंत्र जाहीर केले. यात शंकू नसतो. पातळ पटलाच्या पाठीवर नाण्याएवढे किंवा थोडे मोठे कंपनयंत्र चिकटवले जाते आणि सारे पटल असंख्य लहानमोठ्या लाटांनी थरथरून आवाज देते. कंपनयंत्र नेमके मध्यावर बसवायचे नसते. ते थोडे बाजूला बसवले की पटलाच्या अधिकाधिक कंपनप्रकारांना चालना मिळते. ज्या थरथरीला मुकी करण्यासाठी ब्रिग्ज यांनी वाळूची पोती रिचवली, तीच थरथर इथे नादाचा उगम झाली होती.

१९९७ मध्ये व्हेरिटीने व्हार्फडेल आणि क्वाड या दोन्ही नाममुद्रा विकून टाकल्या. आज त्या दोन्ही आयएजी या एकाच चिनी मालकीच्या समूहाकडे आहेत. रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या रंगमंचावर शेजारी उभ्या राहिलेल्या दोन मित्रांची नावे अशी पुन्हा एका छपराखाली आली. सपाट पटलाच्या स्पीकरांवरील मूळ पेटंटांची मुदत आता संपली आहे आणि कंपनयंत्रे स्वस्तात मिळू लागली आहेत. ती थर्माकोलसारख्या दाट फोमच्या किंवा पातळ प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवून, तो तुकडा दोऱ्यांनी छताला टांगून लोक घरी स्पीकर बनवतात आणि स्टुडिओच्या किमती मॉनिटरांशी त्यांची तुलना करत तासन्‌तास ऐकत बसतात. खर्जासाठी मात्र त्यांनाही बहुधा वेगळा शंकूचा स्पीकर जोडावा लागतो, आणि त्याचे खोके ठोकून पाहताना ते बोटाचे पेर तसेच वाकवतात.